तंबूत राहावं की तंबूसारखं राहावं

अंदमानला जाणारा मराठी माणूस आधी यात्रेकरू असतो, पर्यटक नंतर. विमानतळालाच सावरकरांचं नाव, त्यामुळे सामानाच्या पट्ट्यापाशी उभं असल्यापासून ऊर भरून आलेला असतो. दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. कोलू बघायचा, कैद्याकडून दिवसाला 30 पौंड तेल गाळून घेत हे ऐकून हळहळायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीत क्षणभर उभं राहून डोळे पुसायचे. आणि रात्री मुक्कामी परतल्यावर रिसेप्शनला फोन लावायचा, "अहो, गीझरचं पाणी कोमट येतंय." त्यागाचं दर्शन घेतलेल्या दिवशी माणसाला गरम पाणी जरा जास्तच लागतं.

पोर्ट ब्लेअरला तरी राहण्याचा प्रश्न सरळ असतो. गाव म्हटलं की लॉज आलं. खरी भानगड बोटीत बसून हॅवलॉकला गेल्यावर सुरू होते. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. तिकिटावर नवं नाव छापलेलं असतं आणि धक्क्यावरचा रिक्षावाला जुनंच ओरडत असतो. तर या बेटावर पाऊल ठेवलं की जातिभेद सुरू होतो. एक जात तंबूवाल्यांची, दुसरी बुटीक हॉटेलवाल्यांची. दोघंही एकाच बोटीतून आलेले, दोघांनाही तीच बोट लागलेली, पण धक्क्यावरून एक रिक्षा नारळी-पोफळीच्या बागेकडे वळते आणि दुसरीकडे हॉटेलची गाडी नावाची पाटी धरून उभी असते. पाटीवाले तंबूवाल्यांकडे दयेनं बघतात. तंबूवालेही पाटीवाल्यांकडे दयेनंच बघतात.

आमच्या घरात या दोन्ही जाती नांदतात. भाचा पुण्याला आयटीत आहे आणि तंबूपंथी आहे. साडू ठाण्याचे आहेत आणि आयुष्यभर बँकेत लोकांची कर्जं नामंजूर केल्यावर निवृत्तीनंतर स्वतःला सगळं मंजूर करायचं असं त्यांनी ठरवलंय. निघण्याआधी महिनाभर व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्ध चाललं. "मामा, हॉटेल सगळीकडे सारखंच असतं. तंबूत राहिलं की बेट कळतं," हा एक पक्ष. "साडूबुवा, बेट कळायला मी काही तहसीलदार नाही," हा दुसरा. तोडगा असा निघाला की मी आणि हिनं निम्मे दिवस इकडे आणि निम्मे तिकडे काढावेत. मराठी घरात निःपक्षपाती माणसाचे हाल हे असे होतात.

आधी तंबू. बाग एका बंगाली गृहस्थांची होती. हॅवलॉकवरची वस्ती मुळात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, पन्नासच्या दशकात सरकारनं वसवलेली. गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. शेजारच्या नीलवर जा, तर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. म्हणजे एका बेटावर भागवत आणि दुसऱ्यावर रामायण. या बागेच्या मालकांनी तंबू पोफळींखाली लावले होते, माडाखाली एकही नव्हता. कारण विचारलं, तर म्हणाले, "दादा, सुपारी गिरेगा तो सर नहीं फूटेगा." पर्यटन व्यवसायात इतका प्रामाणिक खुलासा मी पूर्वी ऐकलेला नाही.

तंबूचं भाडं रात्रीला 1,200 रुपये. भाचा हा आकडा सगळ्यांना सांगत सुटला होता. त्यानं न सांगितलेला आकडा त्याच्या पाठपिशवीत होता. डोक्याला बांधायचा दिवा, फुगवायची उशी, फुगवायची गादी, ती फुगवायला बॅटरीवरचा पंप, चार्जिंगचा पंखा, दोन मिनिटांत वाळणारा पंचा, घडीची खुर्ची, आणि टायटेनियमचा मग. हा मग बोटानं उचलला तर वजन लागत नाही आणि त्याची किंमत ऐकली तर हातातून पडतो. कमी खर्चात राहायची तयारी करायला माणसाचा पगार बरा असावा लागतो.

अंदमानात आणखी एक गंमत आहे, ती कुठल्याच पॅकेजात लिहिलेली नसते. आपल्या देशाचं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर आणि अंदमान आहे 93 अंशांच्या आसपास. म्हणजे सूर्य घड्याळाच्या चाळीसएक मिनिटं पुढे पळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो बुडतो आणि सहाला बागेत मिट्ट काळोख. घरी या वेळेला आपण दुसरा चहा टाकतो. सातला मोहरीच्या वाटणातला मासा आणि भात जेवून झाला, मालकांनी "शुभ रात्री दादा" म्हणून कंदील नेला, आणि मग माझ्या लक्षात आलं की घड्याळात साडेसात वाजलेत आणि पुढचे दहा तास आडवं पडण्याखेरीज कार्यक्रम नाही. भाच्यानं युकुलेले काढलं. त्याला तीन कॉर्ड येतात. तिसरी कधी येईल याची वाट बघण्यात बराच वेळ गेला.

तंबूत झोपणं म्हणजे समुद्राची गाज ऐकणं, अशी समजूत आहे. गाज ऐकू येते, पण चेनच्या आवाजांमधून. तंबूची चेन दिवसा मवाळ असते. रात्री दोन वाजता ती उघडली की झर्रर्र आवाज साऱ्या बागेत जातो. संडास पन्नास पावलांवर. बागेत आमच्यासह सहा-सात तंबू, त्यामुळे सकाळपर्यंत कोण किती वेळा उठलं याची माहिती सगळ्यांना झालेली असते, आणि न्याहारीला लोक एकमेकांकडे डॉक्टरच्या नजरेनं बघतात. त्यातून किनाऱ्यावर मगरींबद्दल सावधगिरीच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. 2010 साली याच बेटावर समुद्रात उतरलेल्या एका अमेरिकन पर्यटक बाईंचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. दिवसा पाटी वाचताना माणूस मान डोलावतो. रात्री ती पाठ म्हणता येते. "मामा, मगरीला चेन उघडता येत नाही," असं भाच्यानं सांगितलं. मलाही ती पहिल्या झटक्यात उघडत नव्हती, एवढाच काय तो आधार.

रात्रीचं खुडखुडणं मात्र मगरीचं नव्हतं. टॉर्च टाकला तर शंख चालत होते. हे शंखातले खेकडे अंदमानच्या किनाऱ्यांवर जिकडेतिकडे. त्यांचं पोट मऊ असतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरून ते घर पाठीवर घेऊन हिंडतात. बेटावर स्वतःची राहायची सोय आगाऊ करून आलेला हा एकच प्राणी. खेकडा वाढला की घर अपुरं पडतं, आणि मग जे होतं ते शास्त्रज्ञांनी नीट नोंदवून ठेवलेलं आहे. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख आला की खेकडे त्याच्याभोवती जमतात, आकारानं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं उभे राहतात, आणि पहिला त्या शंखात शिरला की त्याच्या सोडलेल्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा, अशी सगळी रांग एकेक खोली पुढे सरकते. ना दलाल, ना पागडी, ना सोसायटीची ना-हरकत. गिरगावातली चाळ सोडून डोंबिवलीला वन रूम किचन आणि तिथून ठाण्याला टू बीएचके व्हायला आमच्या साडूंना पस्तीस वर्षं लागली. खेकडे ते काम एका ओहोटीत उरकतात. टॉर्च विझवून मी पुन्हा आडवा झालो, तर ही म्हणाली, "बघा, त्यांच्याकडेसुद्धा मोठं घर मिळालं की बायको लगेच हो म्हणत असेल."

पहाट साडेपाचला झाली आणि तंबूला पडदे नसल्यामुळे ती सगळी आत आली. पाठोपाठ थेंब. रात्रभर सोडलेला आपलाच श्वास छताच्या कापडाला चिकटतो आणि पहाटे थेंबाथेंबानं तोंडावर परत मिळतो. भाच्याच्या मते हे निसर्गाशी एकरूप होणं. मला ते ओल्या छत्रीत झोपल्यासारखं वाटलं.

आता हॉटेल. साडू उतरले होते ते ठिकाण राधानगरच्या बाजूला होतं. त्या किनाऱ्याचा सरकारी नंबर सात. टाइम नियतकालिकानं 2004 साली त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, आणि तेव्हापासून आसपासच्या चहाच्या टपरीपासून हॉटेलपर्यंत सगळ्यांचे दर त्या एका वाक्यावर उभे आहेत. किनारा खरोखरच तसा आहे. त्याला नावं ठेवायला मी पुण्याच्या भाच्यालाही सांगितलं होतं, त्यालाही जमलं नाही.

शिरल्या शिरल्या गार टॉवेल आणि पिवळं सरबत. हे सरबत प्यायचं की टॉवेलनं आधी तोंड पुसायचं, हे ठरेपर्यंत मुलगा दोन्ही घेऊन जातो. मग साडूंनी आम्हाला खोली दाखवायला नेलं. ज्या अभिमानानं पूर्वी लोक नव्या फ्लॅटमधलं सगळं दाखवत, त्याच अभिमानानं त्यांनी आम्हाला खोलीत काय काय नाही ते दाखवलं.

"टीव्ही नाही!" साडू म्हणाले.

"वा."

"फोन नाही. कपाट नाही, ही बघा, बांबूला दोरी बांधून हँगर अडकवलेत. खिडकीला काच नाही, नुसतं मच्छरदाणीचं कापड. आणि बाथरूमला," त्यांनी दार लोटलं, "छप्पर नाही!"

मी वर पाहिलं. खरंच नव्हतं. आदल्या रात्री बागेतल्या तंबूतही टीव्ही, फोन, कपाट, काच यांतलं काहीच नव्हतं, आणि त्याबद्दल मी मालकांकडे तक्रार करायच्या बेतात होतो. इथं त्याच नसण्याचे रात्रीला 14,000 रुपये होते. बुटीक हॉटेलचं सगळं गणित या वजाबाकीत आहे. साध्या लॉजमध्ये एखादी वस्तू वाढवली की भाडं वाढतं. इथं एकेक वस्तू काढून घेतात आणि भाडं चढत जातं. वर साडेसात हजारांच्या पुढच्या खोलीला जीएसटी 18 टक्के, म्हणजे 2,520 रुपये. भाच्यानं तिथंच मोबाइलवर हिशेब करून सांगितलं की काकांच्या नुसत्या करात तंबूत दोन रात्री निघतात आणि वर चहा सुटतो. साडूंनी त्याच्याकडे अपुरी कागदपत्रं आणलेल्या अर्जदाराकडे बघावं तसं पाहिलं.

खोलीचा घाट निकोबारी झोपडीचा. खांबांवर उभारलेली, गोल, घुमटासारखं गवताचं छप्पर. निकोबारी लोक पिढ्यान् पिढ्या अशा घरांत राहत आले. खालून वारा खेळतो, भूकंपाला लवचीक. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत निकोबारची किनाऱ्यावरची गावंच्या गावं वाहून गेली आणि नंतर सरकारनं त्यांना पत्र्याच्या छपरांची घरं बांधून दिली. म्हणजे निकोबारी माणूस पत्र्याखाली आणि ठाण्याचा निवृत्त बँक अधिकारी निकोबारी छपराखाली, चौदा हजार मोजून. जगाची वाटणी कोण करतं कोण जाणे, पण तो कधी निकोबारला गेला नसावा.

साडूंच्या खोलीत आणखी एक विकत घेतलेलं 'नाही' होतं. वायफाय मुद्दाम फक्त रिसेप्शनपाशी. खोलीत मनःशांती. आता, 2020 च्या ऑगस्टपर्यंत चेन्नईहून समुद्राखालची केबल आली नव्हती तेव्हा अख्ख्या अंदमानात ही मनःशांती फुकट होती. उपग्रहाच्या भरवशावर एक फोटो पाठवायला घातला तर जेवून यावं. केबल आली, इंटरनेट धावायला लागलं, आणि लगेच ते न देण्याचे पैसे घेता यायला लागले. बागेतले बंगाली गृहस्थ मात्र अजून मागं आहेत. त्यांच्याकडे पासवर्ड विचारला की देतात.

त्या रात्री पाऊस आला. अंदमानात पावसाळा संपला असं कॅलेंडर म्हणतं, पाऊस म्हणत नाही. छप्पर नसलेल्या बाथरूमचं सौंदर्य चांदण्यात असतं. सरींमध्ये ते वापरायचं म्हणजे एका हातात छत्री लागते, आणि दुसरा हात पुरतोच असं नाही. साडू अर्ध्या तासानं बाहेर आले ते आंघोळ करून आल्यासारखे, पण आंघोळीला गेले नव्हते. आत शॉवरच्या दांडीवर एक हिरवट बेडूकही बसला होता. मेहुणीनं रिसेप्शनच्या मुलाला बोलावलं, तर तो कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तो इथं नेहमी असतो." बेडकाचं भाडं कुणाच्या बिलात लावलं होतं ते कळलं नाही.

मेहुणीनं संध्याकाळी किनाऱ्यावरून एक सुरेख चट्ट्यापट्ट्यांचा शंख उचलून आणला होता, दिवाणखान्यात ठेवायला. रात्री तो आरशासमोरून उतरला आणि दाराकडे निघाला. मेहुणी किंचाळली, साडू पलंगावर चढले. आत भाडेकरू होता. बरंच झालं. रिकामे शंखसुद्धा तिथून न्यायला मनाई आहे, विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात, आणि पोवळ्याचा तुकडा तर वन्यजीव कायद्यात वाघाच्या यादीत जाऊन बसतो. खेकड्यांच्या रांगेत पुढे सरकायला जागा राहावी म्हणून हे सगळं. घरांची टंचाई असलेल्या ठिकाणचं रिकामं घर शोकेसमध्ये ठेवायला नेणं बरं नव्हे, हे मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं.

पुढच्या दिवसांत दोन्ही पक्षांची गुप्त देवाणघेवाण सुरू झाली. हॉटेलात दिवे इतके मंद की साडूंना बिलातला आकडा दिसेना. आकडा दिसू नये हाच त्या प्रकाशाचा उद्देश असावा, पण साडू जिद्दी. त्यांनी भाच्याकडून डोक्याचा दिवा मागून नेला आणि सगळ्या डायनिंग हॉलसमोर, कपाळावर झोत पेटवून, सर्व्हिस चार्जच्या ओळीवर बोट ठेवलं. भाचा रोज दुपारी "काकांना भेटून येतो" म्हणून हॉटेलात जायला लागला. परत यायचा तो केस धुतलेला, पॉवर बँक भरलेली. त्याचा वाळलेला पंचा तसाच वाळलेला असायचा, हॉटेलचे टॉवेल जाड होते. काकांवर इतकी माया त्यानं लहानपणी केली नव्हती.

आणि दोघांना एका पातळीवर आणलं ते वाळूतल्या माश्यांनी. मिठाच्या दाण्याएवढ्या. चावताना कळत नाही, कळतं दुसऱ्या दिवशी, आणि मग आठवडाभर कळत राहतं. या माश्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची किंमत पाहिली नाही, तंबूच्या चेनलाही जुमानलं नाही. हॉटेलनं लेमनग्रासचा फवारा दिला, बाटली लाकडी ट्रेमधून आली. बागेच्या मालकांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली आणि म्हणाले, जाड थर लावा, माशी अडकते. दोन दिवसांनी साडू राधानगरच्या वाळूत, चौदा हजारांच्या हॉटेलचा झब्बा घालून, पोटऱ्यांना खोबरेल चोपडून बसलेले होते. त्यांच्या शेजारी भाचा, तसाच चोपडलेला. समोर सूर्य घड्याळाआधी बुडत होता आणि दोघंही खाजवत होते.

आमच्याबरोबर मावशीही आली होती. या सगळ्यात ती कुठं होती? मावशीनं ना तंबू पाहिला ना हॉटेल. ती पंच्याहत्तर वर्षांची आहे आणि तिनं निघण्याआधी फोनवर एवढंच विचारलं होतं, "बाथरूमला कडी आहे का?" धक्क्याजवळच्या एका लॉजमध्ये तिची सोय केली. खोलीत पांढरी फरशी, ट्यूबलाइट, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, बाथरूममध्ये निळी बादली आणि लाल मग, सकाळी सहा ते आठ गरम पाणी. छप्पर होतं. टीव्हीवर बंगाली मालिका. भाषा येत नसताना मावशीला तिसऱ्या दिवशी त्यातली खाष्ट सासू कोण ते कळलं होतं. लॉजवाल्याच्या आईला तिनं मेतकूट खायला घातलं आणि त्या बाईंनी तिच्यासाठी नीलहून आलेल्या भाजीतली कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवली. अंदमानात ताजी भाजी म्हणजे नीलची, बाकीची बरीचशी जहाजानं मुख्य भूमीवरून येते आणि भावानं ते कळतं. आम्ही तिला भेटायला गेलो की पाचही जण तिच्या पलंगावर कडेकडेनं बसायचो. साडू बोलता बोलता टॉवेल घेऊन आत जायचे, कडी लावल्याचा आवाज यायचा, आणि मग बादलीत पाणी पडल्याचा. भाचा बाहेर नंबर लावून उभा असायचा.

असलं लॉज आता बेटावर शोधावं लागतं. तंबू आणि बांबूचा घुमट यांच्यामध्ये जी फरशीची, कडीची, ट्यूबलाइटची जागा होती, ती दोन्हीकडून खचत चाललीय. फरशीच्या खोलीचा फोटो कुणी काढत नाही, हे त्यातलं खरं दुखणं.

परतीच्या बोटीत भाचा पुन्हा फोन काढून बसला. "मामा, पुढच्या वर्षी लक्षद्वीप. बंगारामला वाळूवर तंबू आहेत. परमिट लागतं, पण ते मी बघतो."

"भाडं?" साडूंनी डोळे न उघडता विचारलं.

भाच्यानं आकडा सांगितला. तो साडूंच्या हॉटेलापेक्षा बराच वर होता.

साडू ताठ बसले. "तंबूचं? आत काय आहे?"

"एसी आहे म्हणतात."

"आणि लक्षद्वीपला दारूबंदी असते ना?"

"सगळीकडे. फक्त बंगारामला नाही."

"साडूबुवा," ते माझ्याकडे वळले, "मी पहिल्यापासून म्हणतोय, तंबूत राहिलं की बेट कळतं."